डोंगरांनी नाकारलेली अमानत

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुमच्याजवळ का बोलतोय — ते मलाही नीट कळत नाही.

सातवीतून शाळा सोडून मी पार नांदेडकडून सोलापुरात आलो. दुष्काळ नुकताच सरला होता. चादरीच्या कारखान्यात माग चालवायला मला तिथले जुने विणकर मेहबूबचाचा यांनी शिकवलं. निजायला जागा, डब्यातली अर्धी भाकरी — सगळं त्यांचंच. ते उपकार मी कधी विसरलो नाही. मग माझ्या हातून असं का व्हावं?

जेवताना चाचा कुराणातलं सांगायचे. अल्लानं आभाळाला, जमिनीला, डोंगरांना विचारलं, ही अमानत, ही सोपवलेली ठेव, सांभाळता का? सगळे भ्याले. माणूस म्हणाला, मी घेतो. "डोंगर शहाणे की रं," चाचा हसायचे, "आपुनच लई हौशी." माणूस मुळात घाबराच घडवलाय, असंही ते म्हणत — दुःख शिवलं की कावराबावरा, सुख आलं की मूठ आवळतो. मी विचारलं, घडवलाच तसा, तर त्याचा काय दोष?

"पन हो म्हनला न्हवं त्यो?"

शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला जात. माग बंद राहिलेला मालकाला खपत नसे. म्हणून निघताना आपला चालता माग माझ्या हवाली करून म्हणत, "अमानत हाय, बेटा." मी मान डोलवायचो.

त्या शुक्रवारीही डोलवली. आणि — समोरच्या हॉटेलात रेडिओवर क्रिकेट लागलं होतं. मी उठून गेलो. परत आलो तर आडवा धागा नेणारा धोटा मध्येच अडकलेला, उभे धागे तुटून लोंबत होते. सगळा ताणा वाया गेला होता.

तेवढ्यात चाचा आले, मागोमाग मालक. "कुणाच्या भरवशावर गेलतास, म्हाताऱ्या?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मग मालक माझ्याकडं वळला.

मी म्हणालो, "मला काय सांगून गेले न्हाईत चाचा."

एवढंच. कुणी माझा गळा धरला नव्हता. घाबरा घडवलेला असेनही — पण ती जीभ कुणाची होती?

चाचांना त्याच दिवशी काढलं. त्यांचा माग मला मिळाला. आणि मला — हेच आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं — बरं वाटलं.

जाताना चाचांनी डबा उघडला. रोजच्यासारखी अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवली आणि गेले.

मी ती खाल्ली.