वत्सलाअक्का आणि दोन घराण्यांचा विषाणू

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बेंगळुरूच्या एका पशुरोग प्रयोगशाळेत मुलाखतीला गेलो, तेव्हा व्हरांड्यात एका बाईंनी मला विचारले, "ऊट आयता?" मी तोंड उघडण्याआधीच हातातल्या अर्जावरचे माझे आडनाव त्यांना दिसले. "मराठी काय? मग जेवलास का ते सांग." मी निपाणीकडचा, दोन्ही भाषांत वाढलेला, तरी यांना कोणत्या भाषेत उत्तर द्यावे ते कळेना. थोड्या वेळाने त्याच बाई मुलाखत घ्यायला समोर बसल्या. त्या डॉ. वत्सला जाधव. कैक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत स्थिरावलेल्या मराठी घराण्यातल्या, प्रयोगशाळेच्या प्रमुख आणि तिथल्या सगळ्यांच्या अक्का. यंदा त्या पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत.

मला त्यांच्या हाताखाली नेमणूक मिळाली. अक्कांचा विषय होता मेंढ्यांच्या निळ्या जिभेचा रोग. बारीक चिलटे तो पसरवतात. त्याच्या विषाणूची जनुके एका सलग धाग्यात नसतात, दहा सुट्या तुकड्यांत असतात. दोन जातींचे विषाणू एकाच पेशीत शिरले तर या तुकड्यांची अदलाबदल होते. हे पुस्तकात वाचूनही माझ्या डोक्यात शिरले नव्हते. अक्का म्हणाल्या, "दोन घरांची दहा-दहा भांडी एकाच मोरीत पडली. परत नेताना तांब्या ह्यांचा, परात त्यांची. भांडी दहाच, पण संच नवा. सरी? कळलं?"

"सरी. पण नेमके दहाच तुकडे उचलायचे हे विषाणूला कळतं कसं?"

"ते मलापण ठाऊक नाही रे," अक्का सहज म्हणाल्या. प्रमुखांनी असे म्हणायचे असते का, या विचारात मी दिवसभर होतो.

पुढच्याच हंगामात शहराबाहेरच्या एका कळपात मेंढ्या मरू लागल्या. त्यांच्या रक्तातून मी विषाणू वाढवला आणि त्याचे तुकडे जेलवर, म्हणजे विजेच्या प्रवाहात ते आकारानुसार वेगळे करणाऱ्या पातळ थरावर, चालवले. तुकड्यांचे पट्टे उमटले, ते पाहून मी चक्रावलो. काही पट्टे आमच्याकडच्या एका जुन्या जातीशी जुळत होते, काही दुसऱ्या जातीशी. मधेच एखादा पट्टा जाड आणि पुसट. पुन्हा चालवले तरी तेच.

त्याच सुमारास बाहेरून एक ज्येष्ठ तज्ज्ञ आमचे काम तपासायला आले. त्यांनी जेलकडे पाहिले आणि म्हणाले, "नळ्यांची सरमिसळ झालेली दिसते. अशा हातांत नमुने देऊ नयेत." माझी नेमणूक तात्पुरती होती, ती वाढवायची की नाही हे त्यांच्या अहवालावर ठरणार होते. मी अक्कांकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "सरमिसळ झालीही असेल. बघावं लागेल."

मला ते फार लागले. त्या माझ्या बाजूच्या आहेत की विरुद्ध, तेच समजेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मला जीपमधून त्याच कळपाकडे घेऊन गेल्या. आजारी मेंढ्यांचे रक्त त्यांनी स्वतः घेतले. मेंढपाळाने कन्नडमध्ये विचारले, "अम्मा, उरलेल्या वाचतील का?" अक्कांनी खोटा धीर दिला नाही. "खात्री देत नाही," त्या म्हणाल्या, "पण पाणथळ सोडा, संध्याकाळी चिलटं उठायच्या आत कळप माळावर न्या." मग बराच वेळ बसून त्यांनी त्याला मेंढ्यांच्या तोंडातल्या जखमा धुवायला शिकवले.

परतल्यावर त्यांनी ते रक्त दोन वाट्यांत विभागले. एक वाटा मला दिला, दुसरा स्वतः घेतला. पेशींच्या थरावर एकाच विषाणूपासून पडलेला एकेक ठिपका वेगळा काढायचा, वाढवायचा, त्यातून पुन्हा एकच ठिपका निवडायचा. नुसती सरमिसळ असती तर शेवटी एक जात किंवा दुसरी सुटी झाली असती. आम्ही एकमेकांना काही न सांगता वेगवेगळ्या खोल्यांत काम करीत होतो. मधल्या काळात कळपातले मरण हळूहळू थांबत आल्याचा निरोप आला. ते कळप हलवल्यामुळे की आपोआप, हे आम्हाला सांगता येईना.

शेवटी दोघांचे जेल प्रकाशाच्या पेटीवर शेजारी ठेवले. दहा स्वच्छ पट्टे. काही एका जातीचे, बाकीचे दुसरीचे. दोन्ही जेल तंतोतंत सारखे. अक्कांनी त्या तज्ज्ञांना तिथूनच फोन लावला. "सर, सरमिसळ झाली होती, पण ती मेंढीच्या अंगात. मुलाच्या हातून नाही." माझी नेमणूक वाढली.

त्या रविवारी अक्कांनी मला बनशंकरी भागातल्या आपल्या घरी जेवायला बोलावले. भात वाढता वाढता त्या म्हणाल्या, "स्वल्प सार घे." मी न राहवून विचारले, "अक्का, त्या दिवशी तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता का?"

"होता की. पण माझ्या शब्दावर तू सुटला असतास, तर जन्मभर लोक म्हणाले असते, अक्कांनी वाचवला. आता कोण म्हणेल?"

मी सारासाठी वाटी पुढे केली.

नव्या संचातल्या कोणत्या तुकड्याने तो विषाणू इतका जहाल झाला, हे आम्हाला तेव्हा कळले नाही. आज माझे विद्यार्थी तोच प्रश्न घेऊन गोंधळलेल्या चेहऱ्याने येतात, तेव्हा मी त्यांना अक्कांकडे पाठवतो. अक्का त्यांना जेवू घालतात, सगळे ऐकून घेतात आणि "ठाऊक नाही, बघू या" म्हणतात. मुले परत येतात ती कामाला लागूनच.

अक्कांची प्रकृती ठणठणीत राहो, डोळे आणि हात असेच स्थिर राहोत, पुढची पुष्कळ वर्षे त्यांना सुखाची जावोत. आम्हाला न समजलेले अजून खूप शिल्लक आहे.