टेबलावरचा जागा माणूस

गुरुग्रामच्या एका रुग्णालयात, अँजिओप्लास्टीच्या खोलीबाहेर माझी मैत्रीण माझ्या शेजारी ताठ बसली होती. डॉक्टर बाहेर आले. तिच्या नवऱ्याच्या हृदयवाहिनीतला अडथळा फार कडक आहे, त्यातून वाहिनी रुंद करणारा फुगा पुढे सरकत नाही, लेझर वापरावा लागेल, त्यात धोका आहे, लगेच सही करा, असं त्यांनी सांगितलं.

"वो होश में हैं ना?" तिने विचारलं.

"पूरे होश में."

"तो उनसे पूछा?"

"पेशंट को टेन्शन नहीं देते, मॅडम."

"छाती उनकी है. जाके पूछिए."

डॉक्टर चिडून आत गेले. "जागा माणूस, पण विचारायचं मात्र बायकोला," ती मला म्हणाली.

डॉक्टर परतले. "हाँ बोले. नाराज़ हैं, पहले क्यों नहीं पूछा."

तिने सही केली. तो रागावलाय हे ऐकून ती पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसली.