मी बोट दाखवलं

ताई गेल्याचा तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. “मावशी, आई गेली,” एवढंच तो म्हणाला. मी गॅस बंद केला, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की चला, आता सांगावं लागणार नाही... रडू त्यानंतर आलं. कात्रजच्या त्यांच्या फ्लॅटवर पोचले तेव्हा ताईला हॉलमध्ये खाली चटईवर ठेवलं होतं. समोरच्यानं काहीतरी खुळचट बोलल्यावर ती ओठ मुडपून घ्यायची, तसाच चेहरा होता. सव्वा महिना झाला त्याला.

ज्योत्स्नाताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं, ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, मी अकरावीत. आमचे आप्पा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. घरात रेडिओ लागायचा तो बातम्या आणि भावगीतांपुरता. ताईला मात्र वेड होतं इंग्रजी रॉकचं. तिची जिवलग मैत्रीण नीला, तिच्या भावाच्या कॅसेटी ऐकून ऐकून ताईनं गाण्यांचे शब्द वहीत उतरवले होते. भांडी घासताना ती ही गाणी इतकी हळू म्हणायची, की आईला वाटायचं पोरीचं पाठांतर चाललंय.

मुंबईचा एक बँड कँपातल्या एका मैदानावर वाजवायला येणार होता. ताईनं घरी सांगितलं, विश्रांतवाडीला नीलाकडे अभ्यासाला जाते, रात्री तिथेच राहीन. तिकीट मला तिच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात सापडलं. मी म्हटलं, मलाही ने. ती आरशासमोर उभी होती. “तुला? तुला तिथे काय, कडेवर घेऊन उभी राहू?” म्हणाली आणि हसली. हसण्यात तसं वाईट काही नव्हतं. पण त्या दिवसांत माझा चेहरा मुरुमांनी भरला होता, आणि ती सुंदर होती. ती गेल्यावर तासाभरानं आप्पा ऑफिसातून आले. त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि सगळं सांगून टाकलं.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला. “चल. तुला ओळखू येईल ती,” म्हणाले आणि स्कूटर काढली. गेटवरच्या माणसानं तिकीट मागितलं. “मला गाणं ऐकायचं नाहीये. मुलगी न्यायची आहे,” आप्पा म्हणाले. तो बाजूला झाला. आत अंधार, धूळ, सिगारेटींचा धूर आणि छातीत धडधडणारा आवाज. ताई मला लगेच दिसली. स्टेजच्या अगदी जवळ, वेणी सोडलेली, अंगात नीलाच्या भावाचा शर्ट, डोळे मिटलेले. शब्दन् शब्द म्हणत होती, मोठ्यानं, गळ्याच्या शिरा ताणून. इतका आनंद मी तिच्या चेहऱ्यावर घरात कधी पाहिला नव्हता. “दिसली का?” आप्पांनी माझ्या कानाशी ओरडून विचारलं. त्यांना त्या गर्दीत काहीच उमगत नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर आम्ही तसेच परत आलो असतो... मी बोट दाखवलं.

आप्पांनी जाऊन तिचं मनगट धरलं. ती सोडवून घ्यायला लागली. नीला शेजारी नुसती थिजून उभी. गायकाच्या ते लक्षात आलं, गाणं थांबवून तो माइकमध्ये म्हणाला, “अरे, अंकल को भी नाचने दो यार!” दिव्याचा झोत दोघांवर आला. पोरं टाळ्यांच्या तालावर “अंकल, अंकल” करायला लागली. उभ्या आयुष्यात कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेले आप्पा त्या उजेडात घामाघूम उभे होते. त्यांनी ताईच्या थोबाडीत मारली. त्यावर शिट्ट्या पडल्या, आणि ड्रम पुन्हा सुरू झाले.

घरी अंथरुणावर पडल्यावर तिनं विचारलं, “त्यांना कुणी सांगितलं?”

“नीलाच्या आईचा फोन आला होता शेजारी,” मी म्हणाले. इतकं सहज, जणू आधीच ठरवून ठेवलं होतं.

नीला त्यानंतर दोनदा घरी आली. ताईनं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, “जा घरी. आणि आईला सांग, निरोप पोचला म्हणून.” आप्पांनी मला कधी उघडं पाडलं नाही. कौतुकही केलं नाही. वर्ष संपायच्या आत नगरचं स्थळ आलं, परीक्षा राहून गेली. भाऊजी सज्जन होते, संसार नीट झाला. गाणं मात्र तिनं घराबाहेर ठेवलं ते ठेवलंच. मुलानं कॉलेजात असताना हौसेनं गिटार आणली, तेव्हा म्हणाली, “बरं झालं. जळमटं काढायला काहीतरी हवंच होतं.” पोरानं दुसऱ्या दिवशी ती परत केली. पुढे मुलाच्या नोकरीमुळे ती पुन्हा पुण्यात आली. नीलाचे यजमान अचानक गेल्याचं मला कळलं, तेव्हा मी म्हटलं, ताई, एकदा भेटून ये. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तिला सांगायची सवय आहे. सांगेल कुणाला तरी.” मी समोर बसले होते. मीही मेथी निवडत राहिले.

दिवस झाल्यावर नीला आली, पेपरातली बातमी वाचून. केस सगळे पांढरे. फोटोसमोर बराच वेळ बसली, मग माझा हात धरून म्हणाली, “शुभा, तिला शेवटी तरी कळलं का गं, मी नव्हतं सांगितलं ते?”

“हो,” मी म्हणाले. “कळलं होतं.”

तिनं डोळे पुसले. इतकी वर्षं उराशी धरलेलं काहीतरी खाली ठेवावं तशी सैलावली. मग म्हणाली, “कुणी सांगितलं होतं मग?”

“ते नाही कळलं.”

लिफ्टपर्यंत सोडायला गेले तेव्हा पाठीवरून हात फिरवून म्हणाली, “तुझं पेपरच्या पुरवणीतलं सदर वाचते हं मी. दर रविवारी, सगळ्यात आधी तेच.”

आज रविवार आहे.