हाळी ठेवू, बोलणं काढू

पुण्यातल्या त्या ऑफिसात आई दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. खुर्चीला चाकं होती. ती सरकू नये म्हणून आई दोन्ही पाय फरशीला रोवून, अगदी कडेवर बसली होती. टेबलाभोवती सात-आठ जण. भिंतीएवढ्या पडद्यावर आमचा गेम चालू होता. माळ, साठ मेंढ्या, एक बाई आणि तिची बारा वर्षांची पोरगी. कळप दोन दिवस तहानलेला. पोरगी विचारते, आता कुठं जायचं? आणि पडद्यातून माझ्या आईचा आवाज आला.

"पानी कुटं हाय ते मेंढीला इचार. मानसाला काय इचारतीस?"

टेबलाभोवती हशा उठला.

तिथं हसण्यासारखं काही नव्हतं. गेममधला तो सगळ्यात अवघड प्रसंग. त्यात चुकलं की मेंढ्या मरतात. पण लोक हसत होते, 'पानी'ला आणि 'हाय'ला. कंपनीचा प्रमुख डोळे पुसत मला म्हणाला, "हे कॅरेक्टर कॉमेडी आहे का?"

मी म्हटलं, नाही. ही त्या पोरीची आई आहे. आणि हा आवाज माझ्या आईचा आहे, ती इथंच बसलीय. सगळ्यांनी माना वळवल्या. कुणीतरी टाळी वाजवली. आईनं तोंडाला पदर लावला आणि तीही हसली.

मीपण हसले.

हे आधीच लिहून टाकते. बाकीचं सांगायला सोपं आहे.

आम्ही धनगर. मंगळवेढ्याच्या पलीकडं, माळावर आमचं गाव. पावसाळा सोडला तर घरातली निम्मी माणसं मेंढरांमागं. मी शाळेत जायचे ते अधूनमधून. चौथीत असताना एकदा बाईंनी विचारलं, आठ दिवस कुठं होतीस? मी उभी राहिले आणि म्हणाले, मेंढरं व्हती बाई, मानूस न्हवतं. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, मेंढरांत राहून मेंढरासारखं बोलू नये. मग त्यांनी मला फळ्यापाशी उभं करून 'माणूस' हा शब्द म्हणायला लावला. 'ण' नीट येईपर्यंत. तास संपला तरी तो नीट आला नव्हता.

पुढं आला. सोलापुरात वसतिगृहात राहून मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. तिथं मी आरशासमोर बोलायची सवय करायचे. आहे, नाही, कुठे, पाणी. दोन वर्षांत माझी जीभ इतकी सरळ झाली की कुणी गाव विचारलं तर आधी सोलापूरच सांगायचे. सुट्टीत घरी गेले की आई म्हणायची, लई झ्याक बोलतीस की गं. मला ते कौतुक वाटायचं.

आमचा स्टुडिओ म्हणजे सात रस्त्याजवळ टायरच्या दुकानावरची एक खोली. तिघं होतो. मी कोड लिहायचे. श्रीनिवास चित्रं काढायचा. त्याचे वडील यंत्रमागावर, घरात तेलुगू. माझ्याहून लहान, मला अक्का म्हणायचा. यास्मिन आवाजाचं बघायची. लग्नांचे व्हिडिओ एडिट करत करत ती ते शिकली होती. एप्रिल-मेमध्ये खोली एवढी तापायची की कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचे. आम्ही टेबलफॅन माणसांकडं न फिरवता मशीनकडं फिरवायचो. पाणी चार दिवसांनी यायचं, त्या दिवशी एकानं ते भरायला खाली थांबायचं.

आधी आम्ही दुसऱ्यांची कामं केली. फळं कापायचे गेम, दागिन्यांच्या दुकानाच्या जाहिरातीतला गेम. एक दिवस श्रीनिवासनं सहज विचारलं, अक्का, एवढी मेंढरं एक बाई कशी सांभाळते? मी सांगायला लागले. दुपारपर्यंत सांगत राहिले. कुठल्या मेंढीच्या मागं कळप जातो, कुठली भांडखोर, कुठली नुसती मागं राहते. लांडगा कुठल्या बाजूनं येतो. कुठला शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो आणि कुठला कुत्रं सोडतो. त्यानं कागदावर दहा-बारा मेंढ्या काढल्या. प्रत्येकीचा चेहरा वेगळा. मी बघत राहिले. शाळेपासून मी जे लपवत आले, त्याचं त्यानं चित्र काढलं होतं.

गेमचं नाव आम्ही 'कळप' ठेवलं. दोन वर्षं त्यात गेली. अडलं की मी आईला फोन करायचे. ती सांगायची, मी ते कोडमध्ये घालायचे. आवाजासाठी कलाकार घेणं आम्हाला जमणारं नव्हतं. यास्मिन म्हणाली, तुझ्या आईलाच बोलायला लावू. आम्ही गावी गेलो. धान्याच्या खोलीत चारी बाजूंना घोंगड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. आई मध्ये पोत्यावर बसली. मी लिहून नेलेली वाक्यं तिनं एकदा ऐकली आणि म्हणाली, आसं कोन बोलतं? मग तिनं तिच्या पद्धतीनं सांगितली. यास्मिननं कानावरचे हेडफोन काढून माझ्या कानाला लावले. माझी वाक्यं मेलेली होती. आईची चालत होती.

असा तो गेम. तो पुण्यातल्या त्या कंपनीला आवडला. मोठी कंपनी, लोकांपर्यंत पोचवायची ताकद असलेली. प्रमुखाचं नाव निनाद. तिथं सगळे एकमेकांना नावानंच हाक मारायचे. मला जमायचं नाही, मी सर म्हणायचे. तो म्हणायचा, "सर काय गं, निनाद म्हण." तो मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करायचा. ते मात्र त्याला जमायचं.

पडद्यावर गेम दाखवला त्या दिवशी आईला मुद्दाम बोलावलं होतं. फोटो काढायला. डोक्यावरून पदर, हातात काठी घेऊन या, असं कळवलं होतं. काठी आईनं आणली नाही. म्हणाली, तितं कुटं मेंढरं हायत?

हशा ओसरल्यावर त्यांनी दुपारचा प्रसंग बघितला. भर उन्हात मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून गोल उभ्या राहतात. एक पोरगा म्हणाला, हा बग आहे, मेंढ्या अडकल्यात. मी म्हटलं, नाही, त्या खरंच तशा उभ्या राहतात, एकमेकींची सावली घेतात. निनाद म्हणाला, लोकांना कळणार नाही, काढून टाक. मी वहीत लिहून घेतलं, काढून टाकणे. ते कोडमध्ये बसवायला मला तीन आठवडे लागले होते.

पंधरा दिवसांनी बदलांची यादी आली. आई आणि मुलीचे संवाद पुण्यातल्या नाटकातल्या कलाकारांकडून पुन्हा रेकॉर्ड करायचे. भाषा सर्वांना समजेल अशी, स्वच्छ. मेंढ्या चोरणारे दोघं आणि एक दारुडा, यांची भाषा आहे तशीच ठेवायची, कारण त्यात मजा येते. माझ्या आईचं नाव विशेष आभारात घालायचं.

मी ते श्रीनिवास आणि यास्मिनला वाचून दाखवलं. यास्मिन म्हणाली, "अम्मा की आवाज नक्को बोले तो मेरा नाम बी नक्को." मी तिलाच समजावलं. म्हटलं, पहिला गेम आहे, एकदा बाहेर पडू दे. निनादला मी कळवलं, हो, चालेल. आईनं फोनवर विचारलं, माजा आवाज खेळात बसला का? मी म्हटलं, व्हय, बसला.

रेकॉर्डिंगला मी पुण्याला गेले. काचेच्या पलीकडं उभी असलेली नटी चांगली बाई होती. तिनं माझ्याकडून प्रत्येक प्रसंग समजून घेतला. मग म्हणाली, "पाणी कुठे आहे, ते मेंढीला विचार. माणसाला काय विचारतेस?" सगळं शुद्ध. 'ण' तर असा, की चौथीतल्या बाईंनी पाठ थोपटली असती. पण ही बाई कधी तहानली असेल, असं वाटत नव्हतं.

मग हाळी आली. कळप फुटला की आई एक हाळी देते. त्यात शब्द नाहीत. पोटातून निघते, शेवटी वर उचलते, आणि मैलभर लांब गेलेली मेंढी मान वळवते. नटीनं सात-आठ वेळा करून बघितली. तिचा घसा बसला. ती दमून म्हणाली, मला नाही येत हो.

निनाद माझ्या शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "एक करू. तुझ्या आईची हाळी तेवढी ठेवू, बोलणं काढू. मेंढ्यांना काय, भाषा लागत नाही."

मला ऐकू आलं ते एवढंच. माझी आई जनावरं हाकायला चालते. माणसांशी बोलायला चालत नाही.

तोपर्यंत मी सगळ्याला नाव देत आले होते. व्यवहार. तडजोड. पहिली पायरी. त्या वाक्याला मला कुठलंच नाव देता आलं नाही. ते उघडं होतं.

"न्हाय," मी म्हणाले.

तो म्हणाला, "काय?"

"न्हाय म्हनलं. हाळी मिळनार न्हाय. आनि गेमबी मिळनार न्हाय."

तसं मी तिथं कधी बोलले नव्हते. त्यानं आधी हसायला तोंड उघडलं, मग मिटलं. म्हणाला, "इमोशनल होऊ नकोस गं. सोलापुरात तुला दुसरं कोण विचारणार आहे?" करारावर सही अजून व्हायची होती. मी आमच्या गेमची हार्ड डिस्क काढून पिशवीत टाकली. काचेपलीकडची बाई हातात कागद धरून तशीच उभी होती. मी स्वारगेटला येऊन एसटीत बसले. भिगवण येईपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. फार धीट वाटलं, असं काही झालं नाही. भीतीच वाटत होती.

श्रीनिवास भांडला नाही, त्याचं जास्त लागलं. तो म्हणाला, "अक्का, आई तुझी. पण दोन वर्षं माझी पण होती. विचारायचं होतंस." खरंच विचारलं नव्हतं. हो म्हणतानाही नाही, आणि नाही म्हणतानाही नाही. महिन्याभरात त्याला हैदराबादला नोकरी लागली. जाताना त्यानं सगळी चित्रं नीट नावं घालून ठेवली होती. प्रत्येक मेंढीची वेगळी फाईल.

मी गावी गेले. आई माळावर होती, कोकराच्या पायातला काटा काढत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. तुझा आवाज काढत व्हते, मी हो म्हनले व्हते, तुला खोटं सांगितलं. ते लोक का हसले, तेही सांगितलं. मला वाटलं, तिला ते आज कळतंय.

आईनं काटा काढला, कोकरू सोडलं. मग म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं. बाजारात, तलाटी ऑफिसात, दवाखान्यात, लोक हसत्यात. त्यांचं हसनं मी जलमभर बगितलंय. तुजं पैल्यांदा बगितलं."

एवढंच. ती रागावली नाही. रागावली असती तर मी रडून मोकळी झाले असते. ती उठून कळपामागं गेली.

'कळप' मी आणि यास्मिन, आम्ही दोघींनीच बाहेर काढला. आईच्या आवाजात, डोकी खाली घालून उभ्या राहणाऱ्या मेंढ्यांसकट. फार लोकांनी घेतला नाही. काहींनी मनापासून लिहिलं. बऱ्याच जणांनी पाचातला एकच तारा दिला. एकानं लिहिलं, कल्पना छान, पण मराठी अशुद्ध, आधी भाषा सुधारा. दुसऱ्यानं लिहिलं, अशा भाषेनं मुलांवर काय संस्कार होणार? निनादच्या कंपनीनं पुढं गावाकडचा एक गेम काढला. त्यातली नायिका स्वच्छ बोलते. तिच्या घरचा गडी आमच्यासारखं बोलतो आणि सारखा पडतो. तो गेम जोरात चालतो. आमची टायरच्या दुकानावरची खोली सुटली. आता यास्मिनच्या घरात, तिच्या शिलाई मशीनशेजारी माझं टेबल आहे.

परवा एका मोठ्या संस्थेतून फोन आला. तुमचा गेम शाळांना देऊ, फक्त प्रमाण भाषेतली आवृत्ती करून द्या. बाई अदबीनं बोलत होत्या. मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. आधी मी कारणं द्यायचे, समजावून सांगायचे. या वेळी दिलं नाही.

दुसरा गेम सुरू केलाय. तो यंत्रमागावरच्या बायकांचा आहे. त्यात तेलुगू असेल, यास्मिनच्या घरची बोली असेल, माझी असेल. श्रीनिवासला चित्रांसाठी विचारलंय. या वेळी आधी विचारलंय. त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.

आणि एक. हे सगळं लिहिताना मी 'आहे' लिहिलंय, 'नाही' लिहिलंय, 'माणूस' लिहिलंय. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तसा गेला. फळ्यापाशी उभं केलेली पोरगी अजून खाली बसलेली नाही. हाताचं ते वळण माझं मला मोडायचंय. हितनं फुडं मोडायचंय.

फुडचं सगळं आमच्या बोलीत. खेळाचं नाव, पडद्यावरचं बटन, मानसांचं बोलनं. चोराचं तसंच आन नायिकेचंबी तसंच. एक अक्षर बदलून मिळनार न्हाय. कुनाला कळंना झालं, तर शिकून घ्यावं. तुमची भाषा आमी शिकलोच की.