नुसत्या टाळ्या

हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यावर रात्रीच्या दवात उतरलेली आंब दुपारपर्यंत बोटांना चिकटून राहते, आणि लोहाऱ्यातल्या आमच्या अंगणात पौषाचं मऊ, पिवळसर ऊन पसरलेलं असताना तो आंबूस वास घरभर रेंगाळतो. यंदा आईसोबत पाला निवडताना सवयीनं बोट जिभेवर ठेवलं आणि काहीच जाणवलं नाही. श्रावणात माझा धाकटा भाऊ बालाजी पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत झोपेतच गेला, तेव्हापासून माझं हे असंच चाललं आहे.

बायका म्हणतात, एकदा रडून घे. मी अजून टिपूस काढलेलं नाही. शाळेत शिकवते, भाकऱ्या थापते, आल्यागेल्याला चहा देते, आणि हे सारं दुसऱ्या कुणाचं तरी घर सांभाळल्यासारखं करते. आई मात्र पोटभर रडली आणि मग एकाच प्रश्नापाशी अडून बसली, की तिकडं त्याला होतं कोण? फोनवर तो जेवण झालं एवढंच सांगायचा. सकाळी दार उघडलं नाही म्हणून घरमालकानं ते तोडलं, म्हणजे शेवटच्या रात्री लेकरू एकटं होतं. आणि त्याआधीची सगळी वर्षंही ते तसंच एकटं राहिलं असणार, हे तिच्या मनानं पक्कं धरलं होतं. उत्तर मलाही ठाऊक नव्हतं, कारण मी त्याला तसं कधी विचारलंच नव्हतं.

पौषातल्या त्याच आठवड्यात बालाजीच्या एका मित्रानं मला एक अल्बम पाठवला. चार वादकांच्या जॅझचा, पुण्यातल्या एका लहानशा सभागृहात प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झालेला. "त्या संध्याकाळी बालाजी आणि मी प्रेक्षकांत शेजारीशेजारी बसलो होतो," एवढंच त्यानं लिहिलं होतं. होळीला भावकी येऊन रंग लावीपर्यंत दुखवट्याच्या घरात गाणं वाजत नाही, आमच्या टीव्हीवरही पंचा टाकलेला आहे, म्हणून मी तो कानात इअरफोन घालून ऐकला. सॅक्सोफोन, पियानो, माणसाएवढा उभा बास आणि ड्रम्स. एक जण आपलं म्हणणं लांबवत दूर निघून जायचा, बाकीचे तिघं त्याची वाट धरून ठेवायचे, आणि तो परतला की दुसरा निघायचा. गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता, अशी माझी गत. मी वाजवणं ऐकतच नव्हते. टाळ्या आल्या की तेवढ्या मागं नेऊन पुन्हा ऐकायची आणि त्यांत बालाजीचे दोन हात शोधायची. ते काही सापडले नाहीत, आणि न सापडल्याचं दुःखही झालं नाही, याची मला भीती वाटली.

पाला निवडताना आईनं माझ्या कानातली वायर पाहिली आणि काय ऐकतेस म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं.

"त्यात आपला बालाजी बोललाय का?"

मी नाही म्हणाले. तरी लाव, ती म्हणाली. मी दुखवट्याची आठवण करून दिली. तिनं हातातली काडी बाजूला टाकत थोडा विचार केला.

"कुणी गातंय का त्यात?"

"नाही. नुसतं वाजवतात."

"मग ते गाणं न्हाय. लाव."

आवाज घुमावा म्हणून मी फोन पितळेच्या पातेल्यात ठेवला. अंगण त्या अनोळखी सुरांनी भरून गेलं. ड्रमवर ब्रश फिरत होता, सुपातली ज्वारी पाखडावी तसा; बास खालून संथ चालत होता; आणि सॅक्सोफोन हळूहळू चढत जाऊन एकाएकी थांबला तशा टाळ्या पडल्या. "संपलं व्हय?" आईनं विचारलं. संपलं नव्हतं. एकाचं झालं की मध्येच दाद द्यायची त्यांची रीत आहे, हे मी सांगेपर्यंत पियानो सुरू झाला होता. कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली, वादकांपैकी कुणीतरी काही बोलला आणि सगळे एकदम हसले. आईचे हात पाल्यात तसेच राहिले. शेवटच्या टाळ्या बराच वेळ चालल्या.

"लई माणसं व्हती की गं त्याच्यासंगं," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"वाजवणं ऱ्हाऊ दे आता. टाळ्या तेवढ्या परत लाव."

मी मागं नेऊन त्या लावल्या. ती मान किंचित कलती करून ऐकत राहिली. यातल्या त्याच्या कुठल्या, असं ती विचारील म्हणून मी उत्तर जुळवत होते, पण तिनं ते विचारलंच नाही. मी इतके दिवस त्याचे हात इतरांतून वेगळे काढू पाहत होते. ते वेगळे निघत नाहीत, याचंच तिला समाधान होतं. मला तेव्हाही रडू आलं नाही. पण टाळ्या विरत चालल्या तेव्हा तिनं सांगायची वाट न पाहता मी त्या पुन्हा लावल्या, आणि आवाज वाढवला.