कारभारणीचा रिकामा डबा

माझी कारभारीण भांडायची नाही, करून दाखवायची. एकदा भाजीत मीठ कमी म्हणून मी चार पाहुण्यांत बोललो. दुसऱ्या दिवशी ताटात भाजीच नाही, नुसता मिठाचा ढीग. वर विचारते, "अवो, आज पुरलं का?"

खराडीत आमच्या वावरावर काचेच्या इमारतीची कंपनी उभी राहिली. तिथंच ती ठेकेदाराकडून साफसफाईला लागली. त्याच जागेवर पूर्वी पाखरं हाकायला अशी ओरडायची की पार नदीपर्यंत ऐकू जायचं. आता तिथं सगळे हळू बोलतात.

मग कंपनीच्या साहेबांचं फर्मान निघालं. सफाईच्या बायकांनी कॅन्टीनमध्ये जेवायचं नाही, खाली पार्किंगमध्ये बसायचं. हिनं काय करावं? जेवणाच्या सुट्टीत रिकामा डबा उघडून कॅन्टीनच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी गप्प उभी राहिली. रोज दहा मिनिटं. पोरं-पोरी फोटो काढायला लागली. पाचव्या दिवशी ठेकेदारानं तिचा गेटपास काढून घेतला.

मी वकिलाकडे गेलो. म्हटलं, "साहेब, बोलायचं स्वातंत्र्य असतं ना? आणि ही तर बोललीसुद्धा नाही."

"काका, न बोलता दाखवलं तरी ते बोलणंच धरतात. पण ते संरक्षण सरकारपासून. कंपनी खाजगी आहे."

"मग त्यांच्या गेटाच्या आत देश नाही का?"

"आपण चहा घेणार का?" वकील म्हणाले.

मला काही उमजलं नाही. माझे गुडघे गेलेले, घर तिच्याच पगारावर. ठेकेदार म्हणाला, माफी लिहून द्या, परत घेतो. शेजाऱ्याकडून मी कागद लिहून आणला.

"माझी काय चूक हाय?" ती म्हणाली.

"चूक नाही. माझ्यासाठी कर."

तिनं सही केली. पुढं दोन वर्षं पार्किंगमध्ये जेवली. त्यावर एक शब्द काढला नाही. रागावली होती की सोडून दिलं होतं, मला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. मग आजारी पडली आणि गेली.

तेराव्याला कंपनीतल्या बायका आल्या. "बाबा, मावशी आजारी पडल्यावर आम्ही सगळ्याजणी तशाच उभ्या राहिलो. किती जणींना काढणार? आता वरच जेवतो." मग एकीनं हळूच विचारलं, "पण मावशींनी तेव्हा माफी का मागितली? कितीदा विचारलं, त्या कधी बोलल्याच नाहीत."

"मला काय ठाऊक," मी म्हणालो.

दोन वर्षं तिनं माझं नाव झाकून ठेवलं होतं. त्या दिवशी मीही झाकलं.