मशीन वाजेना, मासा मिळेना

कोपरीत टायपिंगच्या क्लासखाली एक कोळीण बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिच्यापुढे उभं राहिलं की माणूस स्वतःचंच विसरायचा. स्वातंत्र्य नुकतं आलेलं, आणि टायपिंग आलं की नोकरी आलीच, अशी हवा होती. क्लासात आम्ही वीसजण घुसलो आणि महिन्याभरात केसांसारखे गळू लागलो. ही बाई खाली बोंबील मांडता मांडता नुसत्या आवाजावरून मशीनं मोजायची. डावा कान वर, एक बोट हवेत. शेजारून इंजिन धडधडत गेलं तरी आकडा चुकायचा नाही.

मीही कंटाळून चार दिवस दांडी मारली. पाचव्या दिवशी ती टोपलीसकट आमच्या दारात हजर. आईला म्हणाली, "बाय, तुझ्या पोराचं मशीन वाजत नाय. ते वाजल्याबिगर तुला मावरं नाय."

आमच्याकडे मासळीवाचून जेवण म्हणजे सुतकच. वडील स्वतः मला क्लासच्या जिन्यापर्यंत सोडून आले, चप्पल हातात घेऊन.

परीक्षा पास झालो आणि तिला पेढा द्यायला गेलो.

"किती पास झाले?"

"मी एकटाच," मी छाती फुगवून सांगितलं.

पेढा तोंडात टाकून ती म्हणाली, "वीस शिरले नि एकच हाताला लागला? माझ्या दादल्यानं असलं जाळं आणलं असतं, तर मी त्यालाच वाळत घातला असता."

मग टोपली डोक्यावर घेऊन ती उरलेल्या एकोणीस घरांकडे निघाली. तो आठवडा अर्धी कोपरी वरणभातावर जगली. सोमवारी एकोणीसच्या एकोणीस एकाच वेळी क्लासात हजर झाले, आणि मास्तरांना दोन मशीनं भाड्याने आणावी लागली.